बाबांच्या ऑपरेशनआधी "किती टक्के" विचारताय, पण नक्की कशाचे टक्के?

पत्र: डॉक्टर, नमस्कार. माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. तीसेक वर्षं विडी ओढली, अजून दिवसाला चार-पाच चालू आहेत. खोकला जाईना म्हणून एक्स-रे, मग सीटी, मग बायोप्सी असं करत करत कळलं की उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ३.४ सेंटिमीटरची कॅन्सरची गाठ आहे, अ‍ॅडेनोकार्सिनोमा नावाचा प्रकार. पेट स्कॅनमध्ये बाकी शरीरात काही नाही, फक्त फुफ्फुसाच्या मुळाशी एक नोड (लसिकाग्रंथी) चमकतोय असं लिहिलंय. १९९४ मध्ये त्यांना टीबी झाला होता. फुंकायच्या टेस्टमध्ये एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेली हवा) नॉर्मलच्या ६८ टक्के आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू जायची क्षमता) ६० टक्के आलंय. सर्जन म्हणाले वरचा लोब, म्हणजे फुफ्फुसाचा वरचा कप्पा, काढू, रिस्क दोन टक्के. घरी येऊन दादाने एका वेबसाइटवर सगळं भरलं तर पाच वर्षं जगायची शक्यता ५३ टक्के दाखवतंय. आई म्हणते ५३ साठी एवढं फाडायचं कशाला. मामा म्हणतात कॅन्सरला चाकू लागला की तो पसरतो. बाबांना आम्ही "टीबीची जुनी गाठ आहे, काढून टाकायचीय" असं सांगितलंय. काल रात्री ते मला एकटीला म्हणाले, "मी यातून वाचणार का ते खरं सांग." मला काही बोलताच आलं नाही. काय करू? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर: ताई, पत्र दोनदा वाचलं. तुम्ही सगळे रिपोर्ट इतके नीट लिहिलेत म्हणून मला नेमकं काहीतरी बोलता येतंय, नाहीतर बरीचशी पत्रं "बाबांना लंग कॅन्सर आहे, वाचतील का" एवढीच असतात. मी बाबांना तपासलेलं नाही, फिल्म बघितलेल्या नाहीत, तेव्हा हे तुमच्या डॉक्टरांच्या जागी धरू नका, त्यांच्याशी बोलताना हाताशी ठेवा.

आधी ते दोन आणि त्रेपन्न वेगळे करू, कारण घरातला अर्धा गोंधळ तिथेच आहे. सर्जननी सांगितलेला दोन टक्के म्हणजे ऑपरेशनमुळे किंवा त्यानंतरच्या महिनाभरात माणूस दगावण्याची शक्यता. फुफ्फुसाचा एक लोब काढायचा तर अनुभवी टीमच्या हातात ती साधारण एक ते तीन टक्के असते, म्हणजे त्यांनी काही गोड करून सांगितलं नाहीये. अख्खं फुफ्फुस काढायची वेळ आली तर हा धोका कितीतरी वाढतो, म्हणून "आत गेल्यावर पूर्ण फुफ्फुस काढावं लागण्याची शक्यता किती" हे मात्र त्यांना स्पष्ट विचारून घ्या. दादाला दिसलेले ५३ हे ऑपरेशनचे टक्के नाहीतच, ते आजाराचे आहेत, या स्टेजच्या शंभर माणसांपैकी पाच वर्षांनी किती जिवंत होती त्याचे. आणि आईंना एक गोष्ट समजावून सांगा, की त्या ५३ वाल्या गटातली बहुसंख्य माणसं ऑपरेशन झालेलीच होती. ऑपरेशन नको म्हटलं तर ५३ आपल्या हातात राहतात आणि फक्त फाडणं वाचतं, असा तो हिशोब नाहीये. ऑपरेशन सोडलं तर तो आकडाच आपला राहत नाही.

आता हे ५३ आले कुठून. लंग कॅन्सरच्या स्टेजेस ठरवणारी जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसएलसी, तिने १९९९ ते २०१० या काळात निदान झालेल्या सत्तर हजारांहून जास्त पेशंटचे रेकॉर्ड गोळा करून स्टेजिंगची आठवी आवृत्ती काढली, त्यात ऑपरेशनआधीच्या तपासण्यांवरून स्टेज २बी ठरलेल्यांचा पाच वर्षांचा आकडा ५३ आहे. दादाचा आकडा बरोबर तेवढाच आलाय म्हणजे ती वेबसाइट बहुतेक तोच तक्ता वापरतेय. त्यातले पेशंट प्रामुख्याने युरोप आणि आशियातले, आशियातलेही बरेचसे जपानचे. २०२५ पासून नववी आवृत्ती लागू झालीय पण बाबांच्या गाठीच्या बाबतीत स्टेजचं नाव बदलत नाही. लक्षात घ्या, ही सगळी माणसं २०१० च्या आधी निदान झालेली आहेत, आज ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर जी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) आणि ज्या टार्गेटेड गोळ्या (कॅन्सरच्या पेशीतल्या ठराविक बदलावर काम करणाऱ्या) देतात त्या त्यांना मिळालेल्याच नव्हत्या. शिवाय शाळेचा दहावीचा निकाल ५३ टक्के लागला म्हणजे तुमच्या मुलीला ५३ टक्के मार्क पडले असं आपण म्हणत नाही ना, हा पण शाळेचा निकाल आहे, बाबांची मार्कशीट नाही.

पण माझा खरा मुद्दा पुढे आहे. बाबांची स्टेज २बी आहे हेच अजून ठरलेलं नाहीये! ती ठरते त्या चमकणाऱ्या नोडवर. ३.४ सेंटिमीटरची गाठ आणि नोडमध्ये काही नाही, तर स्टेज १बी, त्याच तक्त्यात ६८ टक्के. नोडमध्ये कॅन्सर असेल तर २बी, ५३ टक्के. आणि छातीच्या मधोमध, श्वासनलिकेच्या आसपास जे नोड असतात त्यात निघाला तर स्टेज ३, मग साधारण ३६ आणि अख्खा प्लॅनच बदलतो. म्हणजे दादाने फॉर्म भरताना "नोड: हो" वर क्लिक केलं त्या एका क्लिकने पंधरा टक्के कमी झाले, आणि ते "हो" कुठल्याही पॅथॉलॉजिस्टने अजून म्हटलेलं नाही. पेट स्कॅनमध्ये साखरेचं औषध जिथे जास्त खेचलं जातं तिथे चमकतं, ते कॅन्सरमध्ये खेचलं जातं तसंच टीबीमध्ये आणि जुन्या सुजेमध्येही खेचलं जातं. आपल्याकडे टीबी इतका आहे की नुसतं चमकतंय म्हणून नोडला कॅन्सर ठरवणं मला कधीच पटत नाही, आणि तुमच्या बाबांना तर टीबी होऊन गेलेला आहे. उलटही खरंय, टीबी झाला होता म्हणून हा नोड टीबीचाच असं धरून चालायचं नाही.

म्हणून ऑपरेशनच्या तारखेआधी एक प्रश्न विचाराच, "नोडची एबस केली का, करणार का?" एबस म्हणजे ब्रॉन्कोस्कोपीसारखीच नळी, तिच्या टोकाला छोटी सोनोग्राफी असते, श्वासनलिकेच्या भिंतीपलीकडचा नोड स्क्रीनवर दिसतो आणि दिसत असतानाच त्यात सुई घालून नमुना घेतात. झोपेचं इंजेक्शन देतात, बहुतेकदा त्याच दिवशी घरी सोडतात, घसा एखाद दिवस खवखवतो. मुळाशी असलेल्या नोडपर्यंत बहुतेक वेळा पोचता येतं, आणि तिथे गेलेच आहेत तर मधले नोडही तपासून घेतात. नमुना पॅथॉलॉजीला जाईलच, टीबीच्या जीन एक्सपर्टला आणि कल्चरलाही पाठवा म्हणून सांगा. सोबत मेंदूचा एमआरआय झालाय का तेही बघा, पेट स्कॅनमध्ये मेंदू नीट कळत नाही कारण मेंदू एरवीच भरपूर साखर खेचत असतो. यात थोडे दिवस गेले तर जाऊ देत, मात्र "बघू, पुढच्या महिन्यात करू" असं महिनोन्‌महिने नको.

दुसरा प्रश्न फुफ्फुसाच्या ताकदीचा, आणि इथे तुम्हाला घरबसल्या गणित करता येईल. सर्जन दोन्ही फुफ्फुसांचे मिळून १९ भाग धरतात, सेगमेंट म्हणतात त्यांना. उजवा वरचा लोब म्हणजे त्यातले ३. राहिले १६. बाबांचं एफईव्ही-वन ६८, त्याला १६ ने गुणून १९ ने भागलं की साधारण ५७. डीएलसीओ ६० चं तसंच केलं की ५१ च्या आसपास. म्हणजे ऑपरेशननंतर अंदाजे एवढी ताकद उरेल. दोन्ही आकडे ६० च्या वर उरले असते तर आणखी टेस्टची गरज नव्हती, कुठलाही एक ३० च्या खाली गेला असता तर सायकल किंवा ट्रेडमिलवर बसवून मास्क लावून करतात ती मोठी टेस्ट लागली असती. बाबा मधल्या पट्ट्यात आहेत, आणि या पट्ट्यातल्या माणसाला आधी चालवून किंवा जिना चढवून बघतात. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, बरोबर एकजण चालणारा, आणि न थांबता जमेल तितकं वर जायचं. २२ मीटर, म्हणजे साधारण सात मजले, चढले तर सर्जन निर्धास्त होतात. दुसऱ्याच मजल्यावर कठड्याला धरून उभे राहिले तर मोठी टेस्ट करायचीच. कृपा करून हे बिल्डिंगच्या जिन्यात स्वतः करून बघू नका, हॉस्पिटलमध्येच होऊ द्या, तोवर ईसीजी आणि गरज वाटली तर टू-डी इको झालेला असावा कारण तीस वर्षांच्या विडीने हृदयालाही सोडलेलं नसतं.

या जिन्यावर माझा फार विश्वास आहे. कागदावर एकसारखे दिसणारे दोन पेशंट जिन्यावर एकदम वेगळे निघतात, एकजण गप्पा मारत चौथ्या मजल्यावर पोचतो, दुसऱ्याचे ओठ पहिल्याच मजल्यावर निळे. वेबसाइटला ते दिसत नाही.

कॅल्क्युलेटरांबद्दल तुमच्या दादासाठी लिहितो, कारण त्याने जे केलं ते काळजीपोटीच केलंय, त्याला रागावू नका. असे बरेच स्कोअर आहेत. फ्रान्सच्या सर्जननी २००७ मध्ये थोरॅकोस्कोअर काढला, वय, पुरुष की बाई, दम किती लागतो, ऑपरेशन तातडीचं आहे का, अशा नऊ गोष्टींवरून हॉस्पिटलमध्येच दगावण्याची शक्यता सांगणारा, पण दुसरीकडे वापरून बघितल्यावर तो सगळीकडे जुळला नाही. युरोपच्या छातीच्या सर्जनांचा युरोलंग आहे. रक्तातलं अल्ब्युमिन आणि लिम्फोसाइट यावरून काढायचा पोषणाचा इंडेक्स आहे, तो कमी असलेल्यांचं ऑपरेशननंतर कमी चांगलं होतं असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. हे सगळं शंभर पेशंटकडे एकत्र बघणाऱ्या हॉस्पिटलला उपयोगी आहे, कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं, कुणाला आधी आयसीयू बेड ठेवायचा. एका माणसाने ऑपरेशन करायचं की नाही हे त्या एका आकड्यावरून ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी असे आकडे बघतो ते एवढ्यासाठी की त्यात पेशंटला ऑपरेशनआधी बदलता येण्यासारखं काय आहे. वय बदलत नाही, गाठीचा साइज बदलत नाही, पण बाकीचं?

विडी बंद. आज. "इतकी वर्षं ओढली, आता चार-पाचाने काय होतंय" असं ते म्हणतीलच, होतं! ऑपरेशननंतर कफ साठून न्यूमोनिया होणं हा फुफ्फुसाच्या ऑपरेशनचा मोठा त्रास आहे आणि विडी चालू असणाऱ्याला तो जास्त होतो. चार आठवडे मिळाले तर उत्तम, कमी मिळाले तरी बंदच, त्यासाठी तारीख लांबवायची गरज नाही. सुरुवातीला खोकला-कफ वाढल्यासारखा वाटेल, त्याने घाबरून पुन्हा सुरू करायचं नाही. निकोटिनचा गम किंवा पॅच डॉक्टरांना विचारून घ्या, तीस वर्षांची सवय नुसत्या शपथेवर सुटत नाही, आणि घरातल्यांनी उशीखाली बंडल शोधत बसून तर अजिबात सुटत नाही.

मग तो तीन बॉलचा स्पायरोमीटर मेडिकलमधून आणा. बऱ्याच लोकांचा समज असतो की त्यात फुंकायचं, तर फुंकायचं नाही, ओढायचं. ताठ बसून, नळी ओठात घट्ट धरून सावकाश श्वास आत ओढायचा, बॉल वर गेले की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचे. पहिल्या दिवशी एकच बॉल हलला तरी चालेल. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा, आणि छातीच्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा जोरात खोकून कफ काढायची पद्धत शिकून घ्या, कारण ऑपरेशननंतर बरगड्या दुखत असताना ती शिकता येत नाही, आधी शिकलेलीच कामाला येते. रोज सकाळ-संध्याकाळ चालणं. जेवणात अंडी, मासे, डाळी, पनीर, दूध, जे त्यांना रुचतं ते वाढवा. यामुळे कॅन्सरची स्टेज बदलणार नाही, पण ऑपरेशन झेलायची ताकद बदलते. शुगर तपासली नसेल तर तपासा, इनहेलर दिला असेल तर तो नियमित, "बरं वाटतंय" म्हणून बंद नाही.

अजून एक टेस्ट आहे जिच्याबद्दल ऑपरेशनआधी विचारायला हवं, कारण नंतर विचारलं तर एक दार बंद झालेलं असतं. बायोप्सीच्या नमुन्यावर ईजीएफआर, एएलके (हे दोन कॅन्सरच्या पेशीतले जनुकीय बदल) आणि पीडी-एल-वन (पेशीवरचं एक प्रथिन) तपासलंय का? भारतातल्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या पेशंटमध्ये साधारण चौघांत एकाला ईजीएफआरचा बदल सापडतो, विडी न ओढणाऱ्यांत जास्त पण ओढणाऱ्यांतही सापडतो. तो निघाला तर ऑपरेशननंतर तीन वर्षं ओसिमर्टिनिबची गोळी देतात. अडॉरा नावाच्या ट्रायलमध्ये स्टेज १बी ते ३ए च्या पेशंटपैकी गोळी घेणारे पाच वर्षांनी ८८ टक्के जिवंत होते, न घेणारे ७८ टक्के. ईजीएफआर आणि एएलके दोन्ही नसतील आणि नोडमध्ये कॅन्सर निघाला तर ऑपरेशनच्या आधी किमोबरोबर इम्युनोथेरपीचे तीन डोस द्यायचे का हा प्रश्न येतो. चेकमेट ८१६ ट्रायलमध्ये असं केल्यावर २४ टक्के पेशंटच्या काढलेल्या फुफ्फुसात आणि नोडमध्ये कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही, नुसत्या किमोवर हे प्रमाण २.२ टक्के होतं, आणि पाच वर्षांनी ६५ टक्के जिवंत होते विरुद्ध ५५. औषध महाग आहे, सगळ्यांना झेपत नाही, पण निदान हा निर्णय सर्जन आणि मेडिकल ऑन्कोलॉजिस्टने एकत्र बसून घेतलेला असावा, नुसत्या ऑपरेशनच्या तारखेवर ठरून जाऊ नये.

मामांचं "चाकू लागला की पसरतो" हे खरं नाही. पूर्वी बऱ्याच जणांचं पोट-छाती उघडल्यावर कळायचं की आजार आधीच सगळीकडे गेलाय, मग ऑपरेशननंतर माणूस लवकर जायचा आणि दोष चाकूला लागायचा. ऑपरेशन खरंच झेपणार नसेल, जिन्यावर आणि मोठ्या टेस्टमध्ये तसं दिसलं, आणि नोड स्वच्छ असेल, तर नेमक्या जागी जास्त डोसचं रेडिएशन, एसबीआरटी, हा पर्याय आहे. नोडमध्ये कॅन्सर असेल तर तेवढ्यावर भागत नाही.

आता बाबांचं. ताई, त्यांना खरं सांगा. तुम्ही वाईट हेतूने लपवलं नाहीत हे मला कळतंय, आपल्याकडे बहुतेक घरांत हेच होतं, पण ज्या माणसाने आयुष्यभर गाडीभर लोकांचा जीव हातात घेऊन घाट उतरवला त्याला स्वतःच्या छातीत काय आहे ते ऐकायची ताकद आहे. त्यांना कळलंय, कळलंय म्हणूनच तुम्हाला एकटीला गाठून विचारलं. शिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांची आहे, वॉर्डात शेजारच्या कॉटवरचा माणूस पहिल्याच दिवशी "तुम्हाला कुठला?" म्हणून विचारेल, आणि त्यांना तेव्हा तसं कळलं तर ते तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत. आणि एक व्यवहाराची गोष्ट, टीबीची जुनी गाठ काढायला कोण विडी सोडेल आणि दर तासाला बॉल ओढत बसेल?

आकडे सांगायची घाई करू नका. आधी विचारा, "बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का तुम्हाला?" हो म्हणाले तर साध्या शब्दांत सांगा की गाठ कॅन्सरची आहे, ती एकाच बाजूला आहे, काढता येण्यासारखी आहे, एका नोडबद्दल शंका आहे म्हणून एक तपासणी राहिलीय, आणि ऑपरेशन बरं होण्याच्या उद्देशानेच करणार आहेत. "वाचणार का?" याला "नक्की वाचाल" म्हणू नका, "ऑपरेशनमधून बाहेर याल अशी डॉक्टरांना चांगली खात्री आहे, पुढचं नोड तपासल्यावर कळेल, आणि जे कळेल ते तुम्हाला आधी सांगणार" असं म्हणा. मग गप्प बसा, त्यांना बोलू द्या. रडले तर रडू द्या. त्यांनी "मला टक्के सांग" म्हटलंच तर वर लिहिलेलं सगळं सांगता येईल, पण बरेच जण ते विचारत नाहीत, ते विचारतात की किती दिवस अ‍ॅडमिट राहायचं, दुखेल का, शेतावर कधी जाता येईल. दुखेल, पण पाठीतून किंवा बरगड्यांपाशी भूल देऊन दुखणं बरंच आवाक्यात ठेवतात. दुर्बिणीतून झालं तर सहसा आठवड्याच्या आत घरी येतात, छाती उघडून करावं लागलं तर थोडे जास्त दिवस. आईंना त्या वेळी तिथे बसवा, म्हणजे त्यांनाही एकदाच आणि सारखंच कळेल.

पुढच्या अपॉइंटमेंटला बाबांना आत घेऊन जा, बाहेर बाकावर बसवू नका, आणि दादालाही न्या. सर्जनना बिनधास्त विचारा की फुफ्फुसाची अशी ऑपरेशनं वर्षाला किती करता आणि तुमच्या इथला धोका किती आहे, चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. शंका राहिली तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या कॅन्सर सेंटरमध्ये सेकंड ओपिनियन घ्या, त्यासाठी बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, नुसता रिपोर्ट चालत नाही. पैशांचं कळवलं नाहीत, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार फाइलमध्येच ठेवा, मंजुरी आधी घ्यावी लागते. एबसचा रिपोर्ट आला की तो पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.